वरचं घर

मे महिन्यात गावी उतरलो की पहिली ताकीद ठरलेली असायची, "वरच्या घराकडे फिरकायचं नाही." अजून पायही धुतलेले नसायचे. एस.टी.च्या धुळीने केस लाल झालेले, आजीच्या हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा, आणि आम्ही पहिला घोट घ्यायच्या आत ती हे सांगून मोकळी व्हायची. समुद्रावर एकट्याने जायचं नाही, विहिरीच्या काठावर बसायचं नाही, या ताकिदी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत. वरच्या घराची थांबत नसे.

आम्ही अकरा जण होतो. चार काकांची आणि दोन आत्यांची मुलं मिळून अकरा. सगळी १९५३ ते १९६३ या दहा वर्षांत जन्मलेली. कुणी गिरगावातली, कुणी दादरची, कुणी पुण्याची, आणि एक आतेबहीण थेट नागपूरची. गाव दापोली तालुक्यातलं, हर्णै-आंजर्ल्याच्या किनारपट्टीवरचं. आमचे वडील आणि काका लहानपणी मुंबईहून बोटीने हर्णैला यायचे. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं बोचक्यांसकट होडीत उतरायची. आमच्या वाट्याला एस.टी. आली. महाड, कशेडी घाट, भरणे नाका, खेड, दापोली. घाटात दोघं-तिघं हमखास ओकायची आणि बाकीच्यांना लिंबू हुंगायला मिळायचं.

आमचं घर खालचं. त्याच्या खळ्यातून जांभ्या दगडाची पाखाडी वर जायची, साठेक पायऱ्यांची. मधे एक बरका फणस, त्याच्या पलीकडे वरचं घर. खालून त्याचं नुसतं आढं आणि कौलांचं एक पाखं दिसे. तेवढं पुरेसं होतं. रात्री पडवीत ओळीने अंथरुणं पडली की अकरा डोकी त्याच बाजूला वळायची. गड्याने सांगितलेलं असायचं की तिथे ब्रह्मसमंध धनावर बसलाय. थोरला दादा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून आलेला, त्याच्या मते ते चोरांचं ठाणं होतं. नागपूरच्या ताईने 'बीस साल बाद' पाहिला होता आणि ती तो रोज रात्री थोडा थोडा सांगायची, इतका थोडा की सुट्टी संपली तरी सिनेमा संपत नसे. मधेच कुणीतरी कुजबुजायचं, "ऐक, वरून आवाज आला." मग सगळे गप्प. फणसाची पानं सळसळायची आणि दूर समुद्राची गाज. गावात अजून वीज आलेली नव्हती. कंदील मोठा केला की सावल्याही मोठ्या व्हायच्या.

१९६८च्या मे महिन्यात त्या ताकिदीला नवं कारण मिळालं होतं. आधीच्या डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला होता. मुंबईतही आम्ही दचकून उठलो होतो. फळीवरचे डबे खाली आले होते. गावी खालच्या घराला काही झालं नाही, पण वरच्या घराची पश्चिमेची भिंत कोपऱ्यात फाटली, असं काकांनी पत्रात कळवलं होतं. "भिंत अंगावर येईल," ही आजीची नवी पुरवणी. मुलांना हे सांगणं म्हणजे आमंत्रणच. आतापर्यंत ते घर बंद होतं. आता त्याला फट पडली होती.

दुपारी जेवणं झाली, मोठी माणसं ओटीवर लवंडली, आणि आम्ही पाच जण पाखाडी चढलो. दादा, ताई, माझी सख्खी मोठी बहीण, मी आणि सहा वर्षांचा धाकटा चुलतभाऊ. सामानात एक बॅटरी, गोठ्यातला कोयता, काथ्याची दोरी आणि पळवलेलं आंब्याचं साठं. कोकणातली मे महिन्यातली दुपार ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. वारा पडलेला असतो, कावळासुद्धा ओरडत नाही, आणि भुतांची वेळ मध्यरात्रीची नसून हीच आहे अशी खात्री पटते. पायरीगणिक बोलणं कमी होत गेलं. खळ्यात करवंदीची जाळी माजली होती. तुळशीवृंदावन होतं, त्यात तुळस नव्हती, गवताचं वाळकं शेपूट होतं. पुढच्या दाराला वीतभर कुलूप.

भिंतीची फट आम्ही आधी पाहिली. जांभ्याच्या चिऱ्यांमधून ती नागमोडी वर गेली होती, आणि खाली मुलाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढी रुंद होती. दादाने हात घातला. "गार लागतंय," तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी एकेकदा हात घालून पाहिला. बाहेर अंग भाजून निघत होतं आणि त्या फटीतून गार, ओलसर हवा येत होती. आज साठीच्या पुढे पोचल्यावरही डोळे मिटले की तळहाताला ती हवा लागते.

मागच्या खिडकीचे गज लाकडाचे होते. एक कुजून हातात आला. त्या फटीतून फक्त धाकटा जाऊ शकत होता. त्याला आत सोडायचं, त्याने परसदाराचा अडसर काढायचा, असं ठरलं. त्याने कुरकूर केली नाही. साठ्याचा मोठा तुकडा आधी मागून घेतला, तोंडात कोंबला आणि गेला. मग बराच वेळ काहीच नाही. माझ्या बहिणीने त्याला दोनदा हाक मारली, तीही कुजबुजत. शेवटी आतून लाकूड घासल्याचा आवाज आला, दार वीतभर किलकिलं झालं आणि तो म्हणाला, "आत कुणीच नाहीये रे." त्याचा आवाज रडवेला झाला होता. त्याला कुणीतरी भेटायला हवं होतं.

आत शिरल्यावर आधी काहीच दिसलं नाही. नाकाने आधी पाहिलं म्हणा. वटवाघळांचा उग्र दर्प, भाताच्या जुन्या तुसाचा वास, आणि त्याखाली एक ओळखीचा वास, खालच्या घराच्या माजघराला येतो तसाच. मग फुटक्या कौलांतून पडलेले कवडसे दिसायला लागले. रुपयाएवढे, ताटलीएवढे. जमिनीवर भिंतीची तांबडी माती पिठासारखी बारीक पसरली होती आणि तिच्यावर मुंगसाची पावलं, पालीच्या शेपटीची रेघ, इतकंच. माणसाचं पाऊल नव्हतं. आम्ही वळून पाहिलं तर आमची पाच जणांची पावलं उमटली होती. का कोण जाणे, तिथून पुढे आम्ही एकमेकांच्या पावलांवर पावलं ठेवत चाललो.

एक फुटकं कौल दादाने उचललं, पालथं केलं आणि ओरडला. त्याच्या पोटावर उठावाची इंग्रजी अक्षरं होती. बासेल मिशन, मंगळूर, आणि आकडा १८६५. त्या आकड्याने आम्हाला वेडच लावलं. १८६५, म्हणजे सत्तावनच्या बंडानंतर फक्त आठ वर्षं! नानासाहेब पेशवे हरवले होते ते इथे येऊन राहिले असणार, खजिना इथेच असणार, असं पाच मिनिटांत आमचं ठरलं आणि कोयत्याने दोन ठिकाणी जमीन उकरूनही झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की १८६५ हे त्या कारखान्याच्या स्थापनेचं साल. जर्मन पाद्र्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तेच साल पुढे कौलांवर उमटत राहिलं. फत्तेमाऱ्यांतून ही कौलं कोकणच्या बंदरोबंदरी उतरली, आणि गवताने नाहीतर नळ्यांनी शाकारलेली घरं मंगळुरी झाली. आमच्या पणजोबांचं घर त्यातलंच एक. आता कुठेही पडलेलं कौल दिसलं की मी ते उलटं करून पाहतो.

माजघरात झोपाळ्याच्या कड्या तशाच लोंबत होत्या. झोपाळा नव्हता. भिंतींवर फिकट चौकोन होते, तसबिरी काढून नेल्याच्या खुणा. एकच तसबीर राहिली होती, रविवर्मा प्रेसची लक्ष्मी. मुंबईत १८९४ साली निघालेल्या त्या छापखान्याने देव घरोघरी पोचवले. ही लक्ष्मी ओलीने भिंतीला चिकटली होती म्हणून मागे राहिली असावी. कमळ शाबूत होतं, चेहरा कसरीने खाल्लेला. देवघराच्या कोनाड्यात देव नव्हते, पण तेलाचा काळा ओघळ होता. ताईने चपला काढल्या आणि हात जोडले. तिचं पाहून आम्हीही.

स्वयंपाकघरात तीन चुली, शेजारचे वैल, भिंतीवर कोळशाने मारलेल्या चार-चार रेघा आणि त्यांना छेद देणारी पाचवी, असे कितीतरी जुडगे. नारळाचा हिशेब असेल, नाहीतर दुधाचा. जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं आणि त्यात गेल्या पावसाचा पालापाचोळा. सगळं उचलून नेता आलं, ते नेता आलं नाही.

माळ्यावर जायची शिडी अर्धी होती. वर फक्त ताई चढली. तिचं धाडस आमच्यात सगळ्यात मोठं होतं, आणि हे आम्ही मुलग्यांनी तेव्हा मान्य केलं नाही ते आता करतो. वरून ती एकेक सांगत होती: सूप आहे, फाटलं आहे. पाट आहेत, बारा. मखर आहे गणपतीचं. आणि हे काय आहे, तारेला कागद टोचलेत.

तेवढ्यात आढ्याखालून काहीतरी पांढरं सुटलं. आवाज नाही, नुसती पांढरी झेप, आणि मग गळा आवळल्यासारखा एक चीत्कार. गव्हाणी घुबड होतं ते, हे शहाणपण नंतरचं. आम्ही जे पळालो ते फणसापर्यंत थांबलो नाही. मी उंबऱ्याला अडखळून पडलो, गुडघा फुटला. ताई सगळ्यात शेवटी, चालत आली. तिच्या हातात ती तार होती.

फुटलेल्या गुडघ्यापायी सगळं उघडकीला आलं. आजीने हळद भरली. तिला पायाची तांबडी माती दिसली, पाचही जणांच्या पायांची. आम्ही मार खायला उभे होतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "उखळ आहे का रे अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने खुंटीवरची लोखंडी किल्ली काढली. ती किल्ली आम्ही रोज पाहत होतो. भाजलेल्या काजूच्या बिया फोडायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं, म्हणून दर सुट्टीत ती आमच्या हातात असायची. गोठ्याची असेल, असं आम्ही समजत होतो. ज्या घराने आमची झोप उडवली होती त्याची किल्ली आम्ही इतकी वर्षं दगडासारखी वापरत होतो.

ती अकरा जणांना घेऊन वर गेली. कुलपात तेल सोडलं, थोडं थांबली, दोन्ही हातांनी किल्ली फिरवली. पुढचं दार उघडलं. आणि मग जे पाहिलं ते आदल्या दिवशीच्या घुबडापेक्षा मोठं होतं. सत्तरीला टेकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली आमची आजी त्या काळोखात सरळ चालत गेली. बॅटरी नको म्हणाली. "इथे पायरी आहे हं," असं ती पायरी यायच्या आधी सांगायची. माजघराच्या दारात वाकली, कारण चौकट ठेंगणी होती. दादाने काल तिथे डोकं आपटून घेतलं होतं. दहाव्या वर्षी लग्न होऊन ती त्या घरात आली होती, आणि वाटण्या झाल्यावर तिशीत खाली उतरली होती. त्यानंतर त्या माजघरात ती एकदाच गेली होती, तेही मी पुढे सांगतो त्या दिवशी. पण तिच्या पायांना सगळं आठवत होतं.

माजघराच्या चौकटीवर तिने पदराने धूळ पुसली. खाली सागाच्या लाकडावर सुरीने कोरलेल्या आडव्या रेघा निघाल्या. प्रत्येक रेघेपुढे एक अक्षर आणि शकाचं वर्ष. अक्षय्य तृतीयेला मुलांना तिथे पाठ लावून उभं करायचे आणि डोक्यावर पाटी धरून रेघ मारायचे, असं ती म्हणाली. शके १८५० पासूनच्या रेघा होत्या, म्हणजे १९२८. त्यातली एक आमच्या वडिलांची होती. माझ्या खांद्याला लागत होती. वडील तेव्हा सहा वर्षांचे. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा कळलं की आपले वडील कधीतरी आपल्यापेक्षा लहान होते. धाकट्याला मग सगळ्यांनी तिथे उभं केलं. त्याची रेघ दादाने कोयत्याच्या टोकाने मारली. त्या चौकटीवरची ती शेवटची.

उखळाच्या काठाशी बसून आजीने घर बंद कसं पडलं ते सांगितलं. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ वरच्या घरात राहिले, आजोबा खाली आले. वाटणीत काहीतरी कमीजास्त झालं आणि दोघी जावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. थोरले आजोबा गेले. त्यांचे मुलगे मुंबईत नोकरीला, थोरल्या आजी वर एकट्या. सगळा जिल्हाच तेव्हा मनीऑर्डरवर जगायचा, त्याही जगल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. माझ्या आजीला येत होतं; आजोबांनी कंदिलाखाली शिकवलं होतं. मनीऑर्डर आली की खालचं कुपन गड्याच्या हाती खाली यायचं. आजी ते वाचून गड्याला सांगायची, गडी वर जाऊन थोरल्या आजींना सांगायचा, आणि कुपन परत वर जाऊन तारेला लागायचं. ताईने आणलेली तार हीच. पंधरा रुपये पाठवले, बारा घरखर्चाला, तीन कौलांना. वीस पाठवले, सूनबाईंना दिवस गेले आहेत. दहाच पाठवतो, महागाई फार. पंचवीस वर्षं दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि पंचवीस वर्षं एकीच्या घरची प्रत्येक बातमी दुसरीच्या तोंडून तिच्यापर्यंत गेली.

१९५७च्या १ एप्रिलला कुळकायद्याने कसणाऱ्यांना जमिनीची मालकी दिली. ज्यांनी नांगर धरला त्यांची जमीन झाली, हे न्यायाचंच झालं. आजीही तसंच म्हणायची. पण खंडाचं भात वर यायचं थांबलं. थोरल्या आजी मुंबईला जायला तयार झाल्या नाहीत. "आणि पुढल्या वर्षी श्रावणात," आजी म्हणाली, "एक दिवस उजाडलं तरी कौलांतून धूर दिसेना."

खालच्या खळ्यातून वरच्या घराचं पाखं दिसायचं हे मी आधी सांगितलं. रोज पहाटे चूल पेटली की त्या पाखातून धूर निघायचा. आजी अंगणात सडा घालताना तो पाहायची आणि कामाला लागायची. पंचवीस वर्षं तिने कुणाला सांगितलं नव्हतं की ती रोज पाहते. त्या दिवशी धूर नव्हता. ती ओल्या पायांनी साठ पायऱ्या चढून गेली. थोरल्या आजी चुलीशीच आडव्या झालेल्या होत्या, हातात फुंकणी. मुंबईची मुलं येऊन गेली, देव घेऊन गेली. किल्ली आजीकडे राहिली.

मग ताकीद का होती, हे आम्हाला तेव्हा कुणी समजावलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आज वाटतं, भिंतीची भीती थोडी होती, जनावराची थोडी. बाकीची ताकीद ती स्वतःला देत होती.

त्या सुट्टीनंतर भीती संपली, ओढ संपली नाही. पुढची पाच-सहा वर्षं वरचं घर आमचं झालं. तिथे पत्ते झाले, नाटकं झाली, काजूच्या बियांचा जुगार झाला. पण त्या पहिल्या दुपारची हवा पुन्हा आली नाही. पुढे रत्नागिरीला थिबा राजाचा वाडा पाहिला. ब्रह्मदेशातून हद्दपार करून आणलेल्या राजासाठी १९१०च्या सुमाराला बांधलेला, आणि त्यात तो उणीपुरी सहा वर्षं राहून १९१६ साली वारला. फार देखणी इमारत. आता तिथे संग्रहालय आहे, देखरेखीला सरकार आहे. आमच्यासारख्यांच्या घरांना देखरेखीला फक्त भावकी असते.

कोकणातलं घर कसं मरतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहून ठेवतो. चूल विझते तिथून सुरुवात होते. चुलीचा धूर रोज वाशांना, रिपांना लागत असतो, लाकूड काळं आणि कडक करत असतो. त्या धुराने वाळवी आणि भुंगा लांब राहतो. धूर थांबला की दोन-तीन वर्षांत वाळवी भिंतीतून वर चढते. मग एक कौल सरकतं. माकडाने सरकवलं असेल, नाहीतर झावळी पडून. एकच. आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या एका भोकातून तो चार महिने एकाच वाशावर गळतो. वासा कुजतो, शेजारची कौलं बसतात, भोक हंड्याएवढं होतं. मग पाणी भिंतीच्या माथ्यावर. चिरा टिकतो, पण चिऱ्यांमधली माती विरघळून जाते, आणि एका श्रावणात भिंत गुडघे टेकते. एका कौलापासून भिंतीपर्यंत पंधरा वर्षं पुरतात. म्हणून तर आगोटीच्या आधी, मे महिन्यात, कौलं परतायची रीत आहे. सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा चढवायची. दोन माणसांचं चार दिवसांचं काम. त्यावर घर एक वर्ष जगतं.

आजी होती तोवर वरच्या घराची कौलं तिने परतून घेतली, खालच्या घराच्या खर्चातून. ती १९७९मध्ये गेली. मग गावातल्या काकांनी दोन वर्षांआड केलं. १९८८ नंतर कुणी नाही. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर आता सव्वीस नावं आहेत. कुणी ठाण्याला, कुणी बडोद्याला, कुणी न्यू जर्सीला. कुणी वाईट नाही. फोन केला की सगळे त्या घराबद्दल भरभरून बोलतात. पण दुरुस्तीला सव्वीस जणांची संमती लागते आणि कौलाला वाट पाहता येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर त्याने माड आणि पोफळी काडीसारख्या मोडल्या, बागाच्या बागा झोपवल्या. वरच्या घराचं उरलंसुरलं आढं त्या दुपारी खाली आलं. खालच्या घराचीही निम्मी कौलं उडाली, पण आढं टिकलं. तिथे काकूची चूल गॅस असूनही आजतागायत पेटते, आंघोळीच्या पाण्याला.

साथीमुळे लगेच जाता आलं नाही. त्या दिवाळीनंतर अकरापैकी आठ जण गेलो. दादा आता नाही. ताई नागपूरहून आली, तिचे गुडघे दुखतात, तरी साठच्या साठ पायऱ्या चढली. घुबड नव्हतं, माळा नव्हता, डोक्यावर सरळ आभाळ होतं. भूकंपाची फट ज्या भिंतीत होती ती भिंत मात्र उभी होती. मी तिच्यात हात घातला. हवा दोन्हीकडून सारखीच होती.

सुतार लावून आम्ही माजघराची चौकट सोडवली. खालच्या घराच्या ओटीवर ती भिंतीला टेकवून ठेवली आहे. धाकट्याच्या नातवाला गेल्या वर्षी तिथे उभं केलं आणि रेघ मारली. त्या तारेची कुपनं ताईने प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून नीट लावली आहेत, त्र्याहत्तर आहेत. उखळ तिथेच आहे. पावसाळ्यात भरतं, आणि नोव्हेंबरपर्यंत बुलबुल त्यात पाणी प्यायला येतात.

तुमच्याही भावकीत असं एखादं वरचं घर असेल. उताऱ्यावर नावं किती आहेत हे मोजत बसू नका. यंदा मुलांना घेऊन जा, किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, कुलपात तेल सोडा. आणि कौलं परतणाऱ्याला शिमग्यालाच सांगून ठेवा, मे महिन्यात माणूस मिळत नाही.